शस्त्रक्रियेविना कंबरदुखी-मानदुखीचे उपचार : भिवंडीच्या संदर्भात (अध्यक्षीय भाषण)

कंबरदुखी आणि मानदुखीच्या बहुतेक रुग्णांना शस्त्रक्रिया लागत नाही. भिवंडीत मात्र या विधानाला एक जोड द्यावी लागते. औषध आणि व्यायाम दिला, पण कामाचे ओझे होते तसेच राहिले, तर उपचार अर्धाच राहतो.

शहराच्या दोन प्रमुख धंद्यांत या दुखण्याची दोन रूपे दिसतात. यंत्रमागाचा कारीगर बारा तासांची पाळी उभ्याने काढतो. तुटलेला धागा सांधताना आणि धोट्यातली कांडी बदलताना त्याची मान व कंबर सतत वाकलेली असते. मजुरी मीटरवर असल्याने माग थांबला की कमाईही थांबते. काल्हेर, राहनाळ, पूर्णा, मानकोली या पट्ट्यातल्या गोदामांत हमालाला वाकणे, उचलणे आणि वळणे एकाच झटक्यात करावे लागते. १९६९च्या माथाडी कायद्याने हमालांच्या मजुरीला आणि कल्याणाला चौकट दिली. पुरुष कामगाराने हाताने वाहायच्या ओझ्यासाठी ५५ किलोंची मर्यादा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६७च्या शिफारशीत आहे.

मानेत ७, पाठीत १२ आणि कमरेत ५ मणके असतात. त्यांच्यामध्ये २३ गाद्या असतात. दुखणे नेमके कोणत्या भागातून येते, हे बहुतेक रुग्णांत ठामपणे सांगता येत नाही. एमआरआयनेही हा प्रश्न सुटत नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, कसलेही दुखणे नसलेल्या विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के माणसांच्या गाद्यांत झीज आढळली. म्हणून अहवालात ‘गॅप’ दिसला की दुखण्याचे कारण सापडले, असे मानता येत नाही.

तरीही पहिली तपासणी बारकाईने व्हायला हवी. लघवी अडकणे, शौचावरचा ताबा सुटणे, जांघेत बधिरता येणे, पायातली ताकद वाढत्या गतीने जाणे, ही लक्षणे दिसताच रुग्णाला तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठवावे. बटण लावताना बोटे अडखळणे आणि चाल डळमळणे या खुणा मानेत मज्जारज्जूवर दाब असल्याच्या असू शकतात. संध्याकाळचा ताप, उतरते वजन आणि रात्री वाढणारे दुखणे असेल, तर मणक्याच्या क्षयाचा शोध घ्यावा. दाटीच्या वस्तीत ही शंका विशेष जागी ठेवावी लागते. या क्षयाचा मुख्य उपचारही औषधांचाच आहे. वाराणसीच्या डॉ. एस. एम. तुली यांनी १९७०च्या दशकात मांडलेल्या ‘मध्यममार्गा’त क्षयरोगाच्या औषधांना पहिले स्थान असून शस्त्रक्रिया निवडक रुग्णांपुरतीच आहे.

नुकतीच उसण भरली असेल, तर रुग्णाला दोन गोष्टी सांगाव्यात : हे दुखणे बहुधा काही आठवड्यांत ओसरते, आणि अंथरूण धरून राहू नये. १९९५ साली हेलसिंकीत झालेल्या चाचणीत झेपतील तशी रोजची कामे चालू ठेवणारे रुग्ण अंथरुणावर विश्रांती घेणाऱ्यांपेक्षा लवकर बरे झाले. शेकाने तात्पुरता आराम पडतो. वेदनाशामक गोळ्या थोड्याच दिवसांपुरत्या द्याव्यात. मागाच्या उष्ण शेडमध्ये घामाने शरीरातले पाणी कमी झालेल्या कामगाराच्या मूत्रपिंडांना त्या अपाय करू शकतात. पोटाचा धोका वेगळाच. पायात उतरणारी कळ, म्हणजे सायटिका, ताकद शाबूत असेल तर बहुधा आठवड्या-महिन्यांत कमी होते. सरकलेल्या गादीचा भाग अनेकांत आपोआप आक्रसतो.

तीन महिन्यांहून जुन्या कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३मध्ये मार्गदर्शिका काढली. दुखण्याची नीट समज देणे, व्यायाम, काही हस्तोपचार, मानसिक उपचार आणि दाहशामक औषधे यांना तिने जागा दिली. कमरेचा पट्टा, वजन लावून ताणणे, अल्ट्रासाउंडचा शेक आणि अफूवर्गीय औषधे नेहमीच्या उपचारांत नकोत, असे ती सांगते. भिवंडीतल्या रुग्णाचा खर्च मात्र बहुधा पट्टा, ताण आणि स्कॅन यांवरच होतो. व्यायामाला मोठा खर्चही लागत नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या ७०१ जणांच्या चाचणीत, कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्यांना मार्गदर्शनासह टप्प्याटप्प्याने चालण्याची सवय लावली गेली. त्यांच्यात दुखणे परतण्याचा मध्यम काळ २०८ दिवस होता. उपचार न दिलेल्या गटात तो ११२ दिवस होता.

मानदुखीचे सूत्रही तेच आहे : मानेच्या व खांद्याच्या स्नायूंना बळ देणारे व्यायाम, मधूनमधून हालचाल आणि कॉलरचा कमीत कमी वापर. न्हाव्याच्या खुर्चीत मान कडकन मोडून घेण्याची सवय मात्र सोडायला सांगावी. अशा झटक्याने मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे विरळ असली तरी नोंदलेली आहेत.

राहिला कामाचा भाग. ‘वजन उचलू नका’ असे लिहिलेली चिठ्ठी हमालाच्या उपयोगाची नसते. वजन अंगालगत धरावे, वळताना कंबर न पिळता पाय फिरवावेत, जड नग दोघांनी उचलावा, हे त्याला करून दाखवावे लागते. गोदामात हातगाडी आणि कमरेच्या उंचीचा ओटा असला, तर पुष्कळसे ओझे जमिनीवरून उचलावेच लागत नाही. मागावरच्या कारीगराला दर तासाला दोन मिनिटे पाठ मागे वाकवता येते. त्या वेळात शेजारच्या जोडीदाराने त्याच्या मागांवर नजर ठेवली, तर मजुरीही बुडत नाही. अशा सूचना प्रत्यक्षात आणायला मुकादम आणि मालकाची संमती लागते. म्हणून डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांनी रुग्णाच्या कागदावर औषधाखाली कामातला बदलही स्पष्ट लिहावा, आणि पुढच्या भेटीत गोळ्या घेतल्या का हे विचारताना तो बदल झाला का, हेही विचारावे.