हात केव्हा थांबवावा?



पाचवी-सहावीतल्या मुलाला ‘निसर्गचित्र काढ’ म्हणून सांगा. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक झोपडी, वळण घेत येणारी नदी. कोकणातले मूल हेच काढते आणि आपल्या खानदेशातलेही हेच काढते. कारण ते चित्र पाहून काढलेले नसते, पाठ केलेले असते. शिक्षकबंधुभगिनींनो, यावर उपाय सोपा आहे. मुलांना वर्गाबाहेर न्या.

देवपुरात असाल तर पांझरेचा काठ जवळच आहे. सकाळी तिथे बसा. अलीकडे एकवीरादेवीचे मंदिर, खाली नदीचे पात्र, पलीकडे धुळे शहराची दाटी. एवढे सगळे कागदावर कसे मावायचे? आधी डोळे किलकिले करा. विटा, खिडक्या, पाने नाहीशी होतात आणि उजेडाचे व सावलीचे तीन-चार मोठे तुकडे उरतात. पेन्सिलीने तेवढेच आखा. खोडरबर घरी राहू द्या.

आता रंग. जलरंगात उजेड हा कागदाचाच असतो. रंगाच्या पातळ थरातून प्रकाश आत जातो आणि पांढऱ्या कागदावरून परत येतो, म्हणून चित्र टवटवीत दिसते. तोच भाग पुन्हापुन्हा घासला की रंग एकमेकांत कालवतात, कागदाचे तंतू उठतात आणि चित्र गढूळ होते. तेव्हा मोठा कुंचला घ्या, रंग पुरेसा कालवून ठेवा, आधी फिका हात द्या, तो वाळल्यावर गडद. आपल्याकडे चैत्र-वैशाखात रंग बघता बघता वाळतो. म्हणून सावलीत बसा आणि कागद आधी ओला करून घ्या. पावसाळ्यात उलट, वाळेपर्यंत धीर धरा.

सावली मात्र कोणासाठी थांबत नाही. तासाभरात ती सरकते, आणि आपण जुन्या चित्रात नवी सावली घुसवू लागतो. चित्र बिघडते ते इथे. फ्रान्समधील चित्रकार क्लोद मोने यांनी 1890-91 साली शेतातल्या गंजींची चित्रे केली. आपल्या कडब्याच्या गंजीसारखाच साधा विषय! उजेड बदलला की ते पहिले चित्र बाजूला ठेवीत आणि दुसरे पुढे घेत. आपल्या कोल्हापूरचे आबालाल रहिमान यांनीही, 1931 साली त्यांचे निधन झाले, कोटितीर्थाच्या तळ्याची चित्रे पुन्हापुन्हा काढली. स्थळ तेच, पण प्रत्येक वेळी कागद नवा.

मग थांबावे केव्हा? हात ‘आता आणखी काय करू’ असे शोधू लागला की थांबावे. चित्र झाडाला टेकवून दहा पावले मागे जावे. लांबून नदी नदी वाटली, ऊन ऊन वाटले, की काम झाले. राहिलेल्या खिडक्या पाहणाऱ्याचा डोळा भरून घेतो.

गुरुजनांना एक विनंती. मुलाच्या चित्रावर आपला कुंचला फिरवू नका. ‘घराला दार कुठे आहे?’ असेही लगेच विचारू नका. ‘ऊन कुठून येत होते रे?’ एवढेच विचारा. त्याला सांगता आले, तर त्याने पाहिले आहे. चित्र थोडे कच्चे राहिले तरी चालेल. मुलाची स्वतःची नजर पुसली गेली, तर ती पुन्हा भरून देता येत नाही.