कामगाराचा पगार आणि दुकानदाराचा गल्ला



मजुरी वाढली की महागाई वाढते आणि छोटा दुकानदार बुडतो, असा प्रचार भांडवलदारवर्ग सातत्याने करीत आला आहे. गिरणगावाचा अनुभव नेमका याच्या उलट आहे.

18 जानेवारी 1982 रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. लालबाग-परळचा बाजार त्यांच्याच पगारावर उभा होता. वाणी महिनाभर उधारीवर धान्य देई. पगार झाला की खाते चुकते होई. गाव सोडून आलेल्या गड्यांना खानावळवाल्या बायका दोन वेळा जेवू घालीत, त्यांचा हिशेबही पगारालाच होई. सावकाराच्या पाशातून या बायकांना सोडविण्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले व त्यांना बँकांचे कर्ज मिळवून दिले. परंतु कर्जाने चूल पेटली, तरी जेवणाऱ्याच्या खिशात पैसा हवाच.

संपाच्या काळात तोच आटला. वाण्याची वही भरत गेली, गल्ला रिता होत गेला. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही; लाखाहून अधिक कामगार मात्र कायमचे बेकार झाले. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर मॉल व मनोरे उभे राहिले. त्यांतला नवा श्रीमंत उधारीच्या दुकानाची पायरी चढला नाही.

दोष संपाचा, असे कोणी म्हणेल. मग 2020 च्या टाळेबंदीत कोणी संप केला होता? मजुरी थांबली, मजूर गावी गेला. दुकाने पुन्हा उघडली तेव्हा गिऱ्हाइकाचा हात आखडलेला होता.

धनिकाची वाढीव मिळकत शेअर्समध्ये आणि जमिनीत जाते. मजुराची वाढ त्याच आठवड्यात तेल, साखर आणि पोराच्या वह्या यांच्या रूपाने गल्लीतल्या दुकानात पोहोचते. 2015 पासून सरकार मुद्रा योजनेतून छोट्या व्यावसायिकांना कर्ज देते. कर्जाने माल भरता येतो, गिऱ्हाईक निर्माण करता येत नाही. विक्रीच नसेल तर हप्ता घरातल्या सोन्यातून फेडावा लागतो.

म्हणून किमान वेतनाची मागणी एकट्या कामगाराची नव्हे. ज्या दुकानदाराच्या वहीत कामगाराचे नाव आहे, त्यानेही ती आपली मानली पाहिजे. कामगारांच्या मोर्चाला पाहून दुकानाची फळी ओढून घेणाऱ्याने एकदा आपली उधारीची वही उघडून पाहावी. मोर्चातली बरीच नावे त्याला तेथे आढळतील.