अनोळखी माणसाला जामीन

साकीनाक्याहून बोलतेय. आमच्या बचत गटांची यंदाची सहल मुंबईतच काढली. "त्यात काय बघायचं?" असं दोघी-तिघी म्हणाल्याच.

आकाशवाणीची ती जुनी धून आठवते ना, तंबोरा आणि व्हायोलिनची, सकाळी कार्यक्रमाआधी लागायची ती? ती वॉल्टर कॉफमन यांनी बांधली असं मानतात. हे ज्यू संगीतकार. तिकडे जर्मनीत हिटलरची सत्ता आली, ज्यूंच्या नोकऱ्या गेल्या, पुढे जीवही जाऊ लागले. कॉफमन १९३४ मध्ये मुंबईला आले. आपलं गाणं त्यांना आधी काही कळेना. पण चिकाटीने शिकले, रेडिओत काम केलं, १९४६ पर्यंत इथे राहिले.

आम्ही मेट्रोने घाटकोपर आणि तिथून लोकलने भायखळा गाठलं. तिथलं मागेन डेव्हिड हे ज्यूंचं प्रार्थनास्थळ १८६१ सालचं, निळं, घड्याळाच्या मनोऱ्याचं. मग काळा घोड्याजवळचं केनेसेथ एलियाहू, १८८४ सालचं, तेही पूर्वी निळंच होतं. दोन्ही ससून घराण्याने बांधलेली. त्यांचे मूळपुरुष डेव्हिड ससून, तेही बगदादहून पळून आलेले.

आत जायला ओळखपत्र लागतं. आमच्यातल्या एकीचं आधार घरीच राहिलं, म्हणून ती बाहेर सावलीत बसली. तेव्हाच्या निर्वासितांचं तर पुरतं आयुष्यच कागदावर अडलेलं. इंग्रज सरकार विचारायचं, याचा खर्च कोण करणार? १९३४ मध्ये मुंबईतल्या ज्यूंनी ज्यू रिलीफ असोसिएशन काढली आणि येणाऱ्यांची हमी घेतली. ज्यांचं तोंडही पाहिलेलं नाही, त्यांची! १९३९ मध्ये युद्ध पेटलं, तशी आणखी गंमत बघा: पासपोर्ट जर्मन, म्हणून ज्यूंनाही शत्रू ठरवलं. आपल्या अहमदनगरच्या छावणीत त्यांना नाझींबरोबरच डांबलं. चौकशी होऊन पुष्कळजण पुढे सुटले.

परतीच्या लोकलमध्ये यावरूनच वाद जुंपला. एक म्हणाली, "आपण शेजारणीच्या कर्जाला सही करतो, ती तिचं घर, तिची माणसं ठाऊक असतात म्हणून. परक्याला कोण जामीन राहील?" दुसरी उसळली, "मी गावाहून इथे आले, तेव्हा मला खोली कुणी दिली? माझं नाव तरी ठाऊक होतं का त्यांना?" घाटकोपर आलं तरी दोघी हटल्या नव्हत्या.

तुम्हालाही जायचं असेल तर शनिवार टाळा, तो ज्यूंचा प्रार्थनेचा दिवस. आणि प्रत्येकीचं ओळखपत्र निघतानाच तपासून घ्या.