यंत्रभाड्याच्या धंद्यातील फिरता माणूस



वासुदेव बळवंतांच्या गावी बोलायला उभे राहिलेल्या माणसाने स्वातंत्र्यावर बोलावे अशी अपेक्षा असते. आम्ही विषय कळवला तो यंत्रे भाड्याने देण्याच्या धंद्यातील फिरत्या विक्रेत्याचा. चालकांना प्रथम वाटले, आमच्या पत्रात काही चुकले असावे. चुकलेले नव्हते. गोवा रस्त्यावर सकाळी आठच्या सुमारास अर्धा तास उभे राहून पाहा. ट्रेलरवर बसून निघालेली पोकलेन, रस्त्याच्या कडेने डुलत चाललेली हायड्रा, डंपर, कॉम्प्रेसर, जनरेटर. ज्याच्या कामावर ही यंत्रे चालली आहेत त्याच्या मालकीची ती पुष्कळदा नसतात. तासावर, दिवसावर, महिन्यावर भाड्याने घेतलेली असतात. ती कोणाच्या शब्दावर निघाली हे विचारीत गेलात, तर शेवटी एक मोटारसायकल, एक फोन आणि एक घामेजलेला तरुण एवढेच हाती लागते. आजचे बोलणे त्या तरुणाविषयी आहे.

भाड्याचा धंदा आपल्याला नवा नाही. लग्नाचा मंडप, पंगतीची पातेली, सतरंज्या, समया आपण भाड्याने आणीतच आलो. पण मंडपवाला कधी दारोदार फिरला नाही. मुहूर्त निघाला की गिऱ्हाईक आपण होऊन त्याच्याकडे जाते, आणि पातेली आठ महिने माळ्यावर पडून राहिली तरी खायला मागत नाहीत. यंत्राचे तसे नसते. ते बहुधा कर्जावर घेतलेले असते. मशीन उभी राहिली म्हणून बँकेचा हप्ता उभा राहत नाही. ऑपरेटरचा पगार, हेल्परचा पगार, विमा, सारे चालूच. शिवाय आजचा दिवस भाड्यावाचून गेला तर तो उद्या विकता येत नाही. कोळणीच्या टोपलीतली मासळी आणि उभ्या मशीनचा दिवस, दोन्ही संध्याकाळपर्यंतच. म्हणून या धंद्यात कोणीतरी रस्त्यावर असावेच लागते. पाया कोठे खणला जातो आहे, गोदामाचे पत्रे कोठे चढणार आहेत, कोणत्या कंत्राटदाराची आधीची मशीन बिघडली आहे, हे फोनवर बसून कळत नाही.

आपल्या पनवेल-उरण भागात हा माणूस कसा उगवला, तेही पाहण्यासारखे आहे. १९७० साली सिडको आली आणि जमिनी जाऊ लागल्या. १९८४ च्या जानेवारीत दास्तान फाटा आणि नवघर येथे गोळीबार झाला, पाच माणसे हुतात्मा झाली. त्या लढ्यातून साडेबारा टक्क्यांची योजना पदरात पडली. १९८९ साली न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले. ज्याच्या हातून भातखाचर गेले त्याने मोबदल्याच्या पैशांतून कोठे डंपर घेतला, कोठे जेसीबी घेतली. (जेसीबी ही एका इंग्रज कारखानदाराच्या नावाची आद्याक्षरे, आणि पोकलेन हे एका फ्रेंच कंपनीचे नाव. आपल्या लोकांनी दोन्ही नावे नांगर-कुळवासारखी घरची करून टाकली.) त्या काळी फिरत्या माणसाची गरज नव्हती. काम गावाच्या हद्दीत, मशीन गावच्या माणसाची, भाडे चावडीवर ठरे.

पुढे कामे मोठी झाली. गोवा रस्त्याच्या पळस्पे ते इंदापूर टप्प्याचे रुंदीकरण २०११ साली निघाले आणि त्याने कंत्राटदारांची किती पावसाळी आश्वासने पाहिली, हे येथे बसलेल्यांना सांगायला नको. मग शिवडी ते न्हावा-शेवा हा सागरी सेतू आला, तो २०२४ च्या जानेवारीत खुला झाला. विमानतळाचे उद्घाटन २०२५ च्या ऑक्टोबरात झाले, डिसेंबरात विमाने उडू लागली. अशा कामांना एकदोन मशिनींचा मालक पुरा पडत नाही. शेकडो यंत्रे बाळगणाऱ्या बाहेरच्या कंपन्या आल्या. त्यांच्याजवळ यंत्रे होती, पैसा होता, ओळख नव्हती. ती त्यांनी पगारावर विकत घेतली. कित्येकदा पगारावरसुद्धा नव्हे, नुसत्या कमिशनवर.

अशा माणसाची नेमणूक कशी होते ते आम्ही अनेक मुलांच्या तोंडून ऐकले आहे. मुलाखतीत बूम म्हणजे काय, बकेट किती घनफुटांची, डिझेल कोणाचे धरायचे, यांतले काही विचारीत नाहीत. विचारतात ते एवढेच : तुझ्या ओळखीचे कंत्राटदार किती? साइट इंजिनिअरांचे नंबर किती आहेत? गाडी स्वतःची आहे ना? म्हणजे माणूस नको आहे, त्याची वही हवी आहे. पहिले सहा महिने मुलगा आपल्या मामाच्या, मेहुण्याच्या, शाळासोबत्याच्या ओळखीने मशिनी लावतो. त्या ओळखी ऑफिसातल्या संगणकात उतरल्या, बिले परस्पर जाऊ लागली, की त्याला सांगतात की तुझे टार्गेट पुरे होत नाही. वही कोरी झाली की मालकाला माणूस जड वाटू लागतो.

आता आमच्या स्वतःच्या चुकीची गोष्ट सांगतो. काही वर्षांमागे एका गोदामाच्या कामावर हायड्रा कलंडली. कोणाची, कोठली, ते येथे नको. ऑपरेटरचा पाय मोडला. तो आमच्या युनियनचा सभासद. आम्ही धावलो, भरपाईसाठी भांडलो, ते योग्यच होते. चौथ्या दिवशी एक पंचविशीचा मुलगा ऑफिसात आला. म्हणाला, "काका, ती क्रेन मीच लावली होती. मलाही काढून टाकलंय. तीन महिन्यांचं कमिशन बाकी आहे." आम्ही त्याला खुर्चीसुद्धा दिली नाही. आमच्या डोळ्यांना तो मालकाचा माणूस दिसला : इस्त्रीचा शर्ट, गळ्यात पट्टा, खिशात 'एरिया मॅनेजर' असे छापलेले कार्ड. "तुझे गाऱ्हाणे तुझ्या मालकाकडे," असे सांगून आम्ही त्याला वाटेला लावले.

चौकशीत जे बाहेर आले ते असे. चौदा टनांची क्रेन म्हणजे ती सदासर्वदा चौदा टन उचलते, असा पुष्कळांचा समज असतो. तो खोटा आहे. बूम आखडलेली आणि ओझे चाकांशी असताना तो आकडा खरा. बूम जसजशी लांब जाईल तसतसे बळ घटत जाते आणि टोकाला त्याचा लहानसा अंश उरतो. कोणत्या अंतरावर किती पेलेल, याचा तक्ता केबिनमध्ये लावलेला असतो. त्या गोदामावर ओझे दूर ठेवायचे होते, जमीन भरावाची होती, आणि खरी गरज मोठ्या क्रेनची होती. मोठी क्रेन त्या दिवशी मालकाजवळ मोकळी नव्हती. मुलाला बारा हजार पगार, बाकी सारे कमिशनवर. महिनाअखेर होती, घरी बहिणीचे लग्न. 'नाही' म्हटले असते तर दुसऱ्या कंपनीची क्रेन तासाभरात येऊन उभी राहिली असती. त्याने 'होईल' म्हटले. त्या एका शब्दाची किंमत ऑपरेटरच्या पायाने मोजली.

मुलाचा दोष नव्हता असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्याची चूल 'होय' म्हटल्यावरच पेटते त्याने 'नाही' म्हणावे ही अपेक्षा करणारा मालक एकतर भोळा असतो किंवा हिशेबी. आम्हांला भोळा मालक अद्याप भेटलेला नाही. आणि त्या फिरत्या माणसाला दाराबाहेर उभे करणाऱ्या युनियनला हे कळत नव्हते, की ऑपरेटरची सुरक्षितता त्याच्या केबिनमध्ये ठरत नाही, त्याच्या आधी दोन दिवस कोणाच्या तरी मोटारसायकलवर ठरते.

आम्हांला तेव्हा कायदाही पुरता ठाऊक नव्हता. शाळा लवकर सुटली. कायदा शिकलो तो निकालपत्रे पुन्हापुन्हा वाचून. औषधविक्रीच्या प्रतिनिधींनी या बाबतीत फार मोठी वाट तुडवली आहे. फिरता विक्रेता हा 'कामगार' आहे काय, हा प्रश्न त्यांच्यामुळे सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६१ साली मे अँड बेकरच्या खटल्यात आणि पुन्हा १९९४ साली सँडोझच्या खटल्यात उत्तर नकारार्थी आले : हे काम अंगमेहनतीचे नव्हे, कारकुनीचे नव्हे, म्हणून औद्योगिक कलह कायद्यातील कामगाराच्या व्याख्येत ते बसत नाही. मधल्या काळात १९७६ साली विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांचा स्वतंत्र कायदा झाला. त्याने नेमणूकपत्र, रजा आणि दाद मागण्याचा हक्क दिला. पण दिला तो औषधधंद्याला. २०११ साली साबण, बिस्किटे, तयार कपडे, रंग, मोटारी व त्यांचे सुटे भाग असे आणखी काही धंदे त्यात घेतले. क्रेन भाड्याने लावणारा बाहेरच राहिला. साबणाची वडी विकणाऱ्याला संरक्षण, आणि चौदा टनांचे यंत्र माणसांच्या डोक्यावर लावणाऱ्याला नाही!

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि जुना कायदा त्यांत विलीन झाला. या संहितांविषयी आमच्या तक्रारी आहेत आणि त्यांवर आम्ही इतरत्र पुष्कळ बोलतो; आज विषयापुरतेच. व्यवसाय-सुरक्षेच्या संहितेत विक्री संवर्धन कर्मचाऱ्याची जी व्याख्या आहे तीत विशिष्ट धंद्यांची यादी नाही. कोणत्याही आस्थापनेतील माणूस तीत येऊ शकतो. मात्र ती संहिता साधारणपणे दहा व अधिक कामगारांच्या आस्थापनेला लागू होते, आणि व्यवस्थापनाचे काम करणाऱ्याला ती वगळते. 'एरिया मॅनेजर' या कार्डाचे रहस्य येथे आहे. त्या मॅनेजराच्या हाताखाली एक शिपाईसुद्धा नसतो. न्यायालये पाटी न पाहता प्रत्यक्ष काम पाहतात, हे तत्त्व जुने आहे. पण न्यायालयापर्यंत जायला कागद लागतो, आणि नेमणूकपत्राऐवजी या मुलांपाशी व्हॉट्सअ‍ॅपवरचा 'उद्यापासून या' असा निरोप असतो.

वेतनसंहितेतली एक गोष्ट मात्र प्रत्येक फिरत्या माणसाने पाठ करावी. कमिशन हे वेतनात धरले जात नाही. पण कमिशन, भत्ते वगैरे मिळून एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर वरचा भाग वेतनच समजला जातो. महिन्याला तीस हजार पडतात, त्यांत पगार दहा आणि कमिशन वीस. तर वेतन दहा नव्हे, पंधरा हजार धरायचे. भविष्यनिधी आणि ग्रॅच्युइटीचा हिशेब तेथून सुरू होतो.

आणि रजा. ज्यांचे नाव घेऊन आपण या गावात येतो ते वासुदेव बळवंत पुण्यास लष्करी हिशेबखात्यात कारकून होते. आई आजारी असता त्यांना वेळेवर रजा मिळाली नाही आणि मातेची अखेरची भेट हुकली. पुढचा इतिहास मुलांच्या पुस्तकात आहे. फिरत्या माणसाला तर रजा नाकारण्याचीही गरज पडत नाही. तो घरी बसला की त्याचे कमिशन आपोआप बुडते.

मालकमंडळीही येथे बसलेली दिसतात, म्हणून नेमणुकीविषयी थोडे. आमच्या मते हा माणूस ऑपरेटर, मेकॅनिक किंवा साइट सुपरवायझर यांतून घ्यावा. त्याला इंग्रजी बेताचे येत असेल. पण जमीन भुसभुशीत आहे, वर विजेची तार आहे, ट्रेलर वळायला जागा नाही, हे तो पाहताक्षणी सांगेल. मुलाखत खुर्चीत घेऊ नये. त्याला कामावर न्यावे आणि विचारावे, "येथे कोणती मशीन लावशील?" त्यानंतर विचारावे, "आजवर कोणते काम नाकारलेस, आणि का?" दुसऱ्या प्रश्नाला ज्याच्यापाशी उत्तर आहे तो माणूस सोडू नये. ऑफिसात फोन आणि बिले सांभाळणाऱ्या मुलींना कोणता कंत्राटदार पैसे थकवतो आणि कोणाच्या लॉगशीटवर सही मिळत नाही, हे बाहेरच्या माणसाहून अधिक ठाऊक असते. त्यांना बाहेरच्या कामासाठी कोणी विचारीतच नाही, ही आमच्याही युनियनला न शोभणारी गोष्ट.

पगार असा असावा की एखादा महिना रिकामा गेला तरी घर चालेल. कमिशन वर असावे, पण पगाराहून लहान. शिवाय ते केव्हा पिकते हे लिहून द्यावे : बिल निघाल्यावर की पैसे आल्यावर? निम्मी भांडणे येथलीच असतात. पैसे वसूल झाल्यावर द्यायचे असेल, तर गिऱ्हाईक बुडवे निघाल्याचा भार एकट्या फिरत्या माणसावर पडता कामा नये. उधारी देण्याचा निर्णय काही त्याचा नसतो. आणि चुकीच्या कामाला नकार दिला म्हणून त्याचे कमिशन बुडू नये. हे शेवटचे कलम एका मालकाने आमच्या समक्ष कागदावर आणले, तेव्हा त्यांच्या मुनिमाने चष्मा काढून दोनदा वाचले.

ज्या मुलाला आम्ही खुर्ची दिली नव्हती, त्याच्या घरी आम्ही दोन वर्षांनी गेलो आणि झाले ते चुकले असे म्हणालो. त्याने चहा दिला, विशेष काही बोलला नाही. त्याचे थकलेले कमिशन काही मिळाले नाही, कागदच नव्हता. पुढे त्याने दोन भावांच्या मदतीने एक जुनी हायड्रा घेतली, मग दुसरी. गेल्या महिन्यात तो ऑफिसात आला. "काका, मशिनी उभ्या राहायला लागल्यात. फिरायला एक माणूस ठेवायचाय. काय देऊ?" आम्ही आकडा सांगितला. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "एवढा पगार परवडायचा नाही काका. कमिशनवर नाही का जमणार?"

आमची बोलणी अजून चालू आहेत. येत्या रविवारी तो पुन्हा यायचा आहे, आणि ठेवायचा तो माणूसही बरोबर घेऊन ये, असे आम्ही त्याला सांगितले आहे.