‘छान’ म्हणायचं नाही

(बेलापूर येथील रविवारच्या लेखन-वर्गाच्या वार्षिक वाचन कार्यक्रमात एका शिक्षिकेने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला सांगितलंय की मुलांना ‘लेखक कसं व्हावं’ यावर दोन शब्द सांगा. ते मला येत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवते, आणि गेली तीन वर्षं दर रविवारी सकाळी दहाला इथल्या एका माडीवर या मुलामुलींबरोबर बसते. तिथं काय होतं, तेवढं सांगते.

माडी एका सद्गृहस्थांनी दिली आहे. खाली धान्याचं दुकान आहे, म्हणून वर्गाला कायम बाजरीचा वास. प्रत्येकानं एक पान लिहून आणायचं आणि उभं न राहता, बसून वाचायचं. वाचून झालं की शेजारच्यानं सांगायचं, त्याला काय दिसलं, काय ऐकू आलं, कुठं कंटाळा आला. ‘छान’ हा शब्द वापरायचा नाही. पहिल्या महिन्यात त्यामुळं वर्गात फार शांतता असायची.

सुरुवातीला वर्ग संध्याकाळी पाचला होता. मुलं बारा, मुली दोन. आम्ही मुलींना दोष देत बसलो, त्यांना आवड नाही म्हणून. मग मी दोन-तीन घरी जाऊन अम्मींशी बोलले. त्या म्हणाल्या, आवड आहे हो मॅडम, पण अंधार पडायच्या आत घरी यायला नको का? वेळ सकाळची केली आणि मुली सात झाल्या. आवडीचा प्रश्न नव्हताच, घड्याळाचा होता.

आता लिखाणाचं. तुम्हाला माहीतच आहे, रेल्वेच्या पाटीवर ‘बेलापूर’ लिहिलेलं असतं आणि उतरावं तर श्रीरामपूर. नावाचं गाव राहतं बाजूला, प्रवरेच्या काठी. पहिल्या वर्षीचं आमचं लिखाण तसंच होतं. पाटी ‘माझा समाज’, आत उतरावं तर अब्दुल कलाम, भाईचारा, ताबुताला खांदा देणारे शेजारी, ईदच्या शिरखुर्म्याची वाटी. यातलं काही खोटं नाही. माझ्याही घरून वाट्या जातात आणि दिवाळीत भरून परत येतात. पण अठरा पानं वाचली, त्यात एकाचंही घर नव्हतं.

का नव्हतं, हे मला कळत होतं, कारण मीही त्यातूनच गेले आहे. शाळेत वक्तृत्व स्पर्धा आली की इतर मुलांना पाऊस, आई, मोबाइल शाप की वरदान. शेख, पठाण, सय्यद दिसला की ‘राष्ट्रीय एकात्मता’. शिक्षकांचा हेतू वाईट नसतो. मी स्वतः शिक्षिका झाल्यावर माझ्या वर्गातल्या एका मुलीला तोच विषय दिला होता. तर दहा-बारा वर्षांचं पोर शिकतं की आपण लिहायचं ते समोरच्याची खात्री पटवण्यासाठी. ती सवय हाताला लागते आणि मग सुटत नाही.

म्हणून एका रविवारी म्हटलं, समाज राहू द्या. काल शुक्रवारी घरात काय झालं, असं समजून तेवढंच लिहा. एका मुलानं लिहिलं: त्याचे अब्बा घरं रंगवतात. जुम्म्याच्या दिवशी ते दहा वाजता अंगणात बसून रॉकेलच्या बोळ्यानं नखं घासतात, कारण रंगाचा थर राहिला तर खाली पाणी पोचत नाही आणि वुजू होत नाही. ऑइल पेंट असला तर अर्धा तास जातो. म्हणून ते बुधवारनंतर शक्यतो खिडक्या-दरवाज्यांचं काम घेत नाहीत, आणि ठेकेदार चिडतो. एवढंच पान. कुणी ‘छान’ म्हटलं नाही. एका मुलीनं विचारलं, “रॉकेलचा वास नमाजेत येतो का रे?” तो म्हणाला, “येतो.” पुढच्या रविवारी तेही लिहून आणलं.

भाषेवरून मात्र आमची भांडणं झाली. आपण घरी दखनी बोलतो, शाळेत मराठी, कुणी मदरशात उर्दू शिकलेलं. एकानं कथेत दादीला मराठी दिली. गोष्ट बरी होती, पण दादी बातम्या सांगितल्यासारखी बोलत होती. दुसऱ्यानं टीव्हीवरची उर्दू दिली: आइए, तशरीफ रखिए. सगळे हसले. ही दादी बेलापूर बुद्रुकची की लखनौची? मग त्यानं खरं काय ते लिहिलं: “कायकू आया रे इत्ती देर से? खाना नक्को क्या?” आता हे ‘नक्को’ कुणाचं? आपलंही आणि मराठीचंही. निवेदन मराठीत, बोलणं घरचं, असं सध्या चाललंय. दोघी मुलींना हे मान्य नाही. त्यांचं म्हणणं, निवेदनही दखनीत का नको? मला उत्तर देता आलेलं नाही. त्या लिहीत आहेत.

मुस्लिमांनी मराठीत लिहिणं नवलाचं आहे, असं कुणी तोंडावर म्हणालं तर त्याला श्रीगोंद्याला पाठवा. आपल्याच जिल्ह्यात शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ लिहिला, त्याला चारशे वर्षं होत आली. १९९० साली सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, फ. म. शहाजिंदे अध्यक्ष होते. ते भरलं म्हणून माझ्यासारख्या पोरींना कळलं की आपल्या आडनावाचीही माणसं मराठी पुस्तकांच्या कव्हरवर असतात. पण संमेलन दोन दिवसांचं असतं, मांडव उतरतो. उरलेल्या दिवसांसाठी कुठलीतरी माडी लागते.

माडीवर एक फळी आहे पुस्तकांची. हमीद दलवाई आपल्याला १८ एप्रिल १९६६ च्या सात बायकांच्या मोर्च्यामुळं माहीत असतात. त्याआधी त्यांचा ‘लाट’ कथासंग्रह आला होता आणि १९६५ साली ‘इंधन’ कादंबरी, हे किती जणांना ठाऊक आहे? फळीवर दोन्ही आहेत. मेहरुन्निसा दलवाईंचं ‘मी भरून पावले आहे’ आणि रझिया पटेलांचं ‘चाहूल’ही आहे. ‘चाहूल’ सध्या कुणाकडं तरी चार महिने अडकलंय. ज्याच्याकडं असेल त्यानं आणून द्यावं, दंड घेणार नाही.

आता जे बोलायचं टाळत होते ते. मागच्या वर्षी एका मुलीनं घरी परत आलेल्या बहिणीवर लिहिलं. तलाकनंतर सासरहून सामान परत आलं, त्यात कुकर होता, पण शिटी नव्हती. घरात सगळे त्या शिटीवर बोलतात, बाकी कशावरच बोलत नाहीत. (हे सांगायला दोघी बहिणींची परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे, कुकरसुद्धा. तेव्हा इकडंतिकडं बघू नका.)

कार्यक्रमात ते वाचायचं ठरलं आणि एक बुजुर्ग माझ्याकडं आले. म्हणाले, बेटा, बाहेरचे लोक येतील, कुणी मोबाइलवर घेईल, दोन वाक्यं कापून फिरवेल. मुलीचं दुःख राहील बाजूला, आपलीच बदनामी. त्यांची भीती खोटी नव्हती, असं फिरताना मी पाहिलंय. आणि मी घाबरले. मुलीला म्हटलं, बहिणीऐवजी मैत्रीण कर, शेवट जरा आशादायक कर. तिनं तसं करून आणलं. वाचलं, आणि सगळे एका आवाजात म्हणाले, छान. तेव्हा मला कळलं मी काय केलंय ते.

मग आम्ही त्या बुजुर्गांनाच वर्गात बोलावलं. गुडघे दुखत असताना जिना चढून आले. तिनं मूळ पान वाचलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “शिटी राहू दे. पण त्यांच्या गावाचं नाव काढ.” ते तिनं काढलं.

तरीही आज ती ते वाचणार नाही. कारण परवा तिची बहीण म्हणाली, माझं अजून संपलेलं नाही, आत्ता नको. लोक काय म्हणतील म्हणून थांबायचं नाही, हे आम्ही ठरवलं होतं. पण जिची गोष्ट आहे ती नको म्हणाली तर? वर्गात दोन तट पडले. एक मुलगा म्हणाला, असं थांबलो तर कुणीच काही लिहिणार नाही. त्याचंही मला पटतं. सध्या ते पान माडीवरच्या कपाटात पाकिटात आहे, पाकिटावर तिचं नाव आहे, आणि किल्ली तिच्याकडं.

माझी वेळ संपली, समोरून खुणा होत आहेत. पुढच्या रविवारी दहाला वर्ग आहे, नव्यांनीही यावं, जिन्याची तिसरी पायरी जपून. आता पहिलं वाचन रंगाऱ्याच्या मुलाचं. त्याचे अब्बा कामावरून थेट आलेत, मागं दाराजवळ उभे आहेत. त्यांना कुणीतरी खुर्ची द्या.