आडनावाचा माग

सुरतेत उधना-लिंबायत भागात खानदेशातून आलेली मराठी कुटुंबं पुष्कळ. त्यांच्यातल्या एखाद्या दुर्मीळ आडनावाचा माग काढायचा, तर आधी मूळ गावचं कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही (गाव नमुना १४), काढा. जुन्या नोंदी मोडी लिपीत. आडनाव बरेचदा नसतंच, नुसतं नाव, बापाचं नाव नि जात. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या त्याहून बोलक्या, पिढ्या सांगणाऱ्या. पूर्वज मॉरिशसला गेला असेल, तर १८३४पासूनच्या गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर गेलेल्या मजुरांच्या, नोंदी मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत, काहींसोबत छायाचित्रंही. मॉरिशसमध्ये अनेकांच्या बाबतीत बापाचं नावच पुढे आडनाव झालं. तेव्हा आडनावावर अडून बसू नका. पणजोबांचं, त्यांच्या वडिलांचं नाव आणि गाव घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून लिहून ठेवा.