सरकणे आणि सरकविणे



आपणहून हलणाऱ्या यांत्रिक आसनांविषयी मराठीच्या अध्यापकाने बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. माझ्यापुरते त्याचे मूळ एका आजारपणात आहे. गेल्या वर्षी माझी आई रुग्णालयात होती. खाट विजेवरची. परिचारिका पायथ्याशी वाकून कळ दाबी आणि आईच्या पाठीखालचा भाग हळूहळू वर येई. मोतीबिंदूमुळे आईस परिचारिका दिसत नसे. ‘ऊठ म्हणतंय बघ हे,’ असे आमच्या मच्छ्याच्या बोलीत म्हणून ती अंगात बळ नसताना उठू पाही. न जमले की खाटेलाच हात जोडी. ती भ्रमात आहे, अशीच माझी समजूत झाली.

तिच्या उशाशी असतानाच एका माजी विद्यार्थ्याने पाठविलेला, २०१५ सालचा एक निबंध मी वाचला. डेव्हिड सर्किन, वेंडी जू आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा प्रयोग. त्यांनी पाय टेकविण्याचे एक बुटके आसन चालते केले होते. त्यास डोळे नाहीत, तोंड नाही, आवाज नाही. ते बसलेल्या माणसाजवळ जाई, पाय ठेवावेत असे सुचवी. काही वेळाने किंचित वर होऊन खाली येई. पाय ठेवणाऱ्यांनी त्याचा अर्थ ‘आता पाय काढा’ असाच घेतला. वीस जणांपैकी बहुतेकांनी पाय ठेवले. काहींनी मात्र ठेवले नाहीत. ते आसन त्यांना पाळीव प्राण्यासारखे भासले, आणि प्राण्यावर पाय कसा द्यावा? पुस्तकास पाय लागताच हात जोडणाऱ्या आपल्यासारख्यांना हा संकोच समजावून सांगावयास नको. आसनास दुरून चालविणारा एक माणूसच होता, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते.

म्हणजे आई भ्रमात नव्हती. हालचाल दिसली की तीमागे हेतू पाहणे हा मनाचा धर्मच आहे. मराठीत ‘सरकणे’ आणि ‘सरकविणे’ ही क्रियापदे वेगळी आहेत; प्रयोजक रूप आले की करविता कोण, हा प्रश्न उभा राहतो. चांगदेवांच्या कथेत भिंत ‘चालली’ म्हणून आपण थांबत नाही, ज्ञानदेवांनी ती ‘चालविली’ असे म्हणतो. डोळ्यांना मात्र हे व्याकरण येत नाही. १८५३ साली मायकेल फॅरडे यांनी, आपोआप फिरणाऱ्या मेजाची परीक्षा केली. बैठकीतील मंडळी प्रामाणिक होती. मेज हलते आणि आपले हात त्यामागून जातात, असे त्यांस वाटे. फॅरडे यांनी हात आणि मेज यांच्यामध्ये पुठ्ठ्याचे थर ठेवले, तेव्हा हात आधी सरकल्याचे आढळले. हाताचा दाब दाखविणारा काटा समोर दिसू लागताच मेज हलेनासे झाले! आपल्याकडच्या प्लँचेटच्या तिपाईपुढे असा काटा कोणी ठेवल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही.

वृद्धांसाठी अशा खाटा, अशा खुर्च्या यापुढे घरोघर येतील. त्यांना विरोध करण्याचे मला कारण नाही. आईची पाठ त्या खाटेनेच सावरली. मी परिचारिकेस एवढीच विनंती केली की, कळ दाबण्यापूर्वी ‘आजी, मी उठवते हं’ असे म्हणावे. पहिल्या दिवशी ती मुलगी हसली, पण म्हणाली. आईने उठण्याची धडपड सोडली. हात जोडणे तिने सोडले नाही. ते आवाजाच्या दिशेने जोडू लागली.